सूर्याची ड्यूटी नऊ ते पाच

नागपूरजवळच्या वाडीत हल्ली माणसाची पत छतावरून ठरते. पूर्वी गेटसमोर कोणती गाडी उभी आहे ते बघायचे. आता मान वर करतात आणि विचारतात, "किती किलोवॅट?"

तीन म्हणालात तर बरं चाललंय. पाच म्हणालात तर मुलगा पुण्यात आयटीत आहे. दहा म्हणालात तर इन्कम टॅक्सवाल्यांनीही एकदा मान वर करायला हरकत नाही.

दत्तवाडी घ्या, खडगाव रोड घ्या, आठवा मैल घ्या, थेट दवलामेटीपर्यंत जा. छताछतावर काळेभोर पॅनल चकाकताहेत. पीएम सूर्यघर योजनेत नागपूर जिल्हा राज्यात पहिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ७५,०२१ कोटींची योजना. लक्ष्य एक कोटी घरांचं. एका किलोवॅटला ३० हजार सबसिडी, दोनला ६०, तीन आणि त्यावर ७८ हजार. उन्हाचेही पैसे मिळतात हे कळल्यावर नागपूरकर थांबतो होय?

आजवर ऊन त्याला फक्त उष्माघात देत होतं.

हिशेबही झकास. एजंट तो चहा यायच्या आत मांडतो. एक किलोवॅट म्हणजे दिवसाला साधारण चार युनिट. तीन किलोवॅटचे बारा. महिन्याचे साडेतीनशे. "बिल झिरो, काकाजी!" काकाजी खूश. पहिलं बिल येतं तेव्हा वापर खरोखरच शून्य असतो. स्थिर आकार मात्र जागच्या जागी, नावाप्रमाणे स्थिर.

तेही चालेल हो. पण एजंट एक गोष्ट सांगत नाही. लाइन गेल्यावर काय होतं?

मे महिना. दुपारचा दीड. पारा ४५. फीडरवर फॉल्ट. वर छतावर ऊन मी म्हणतंय, तीन किलोवॅट पॅनल त्या उन्हात भाजताहेत, आणि खाली कूलर ठप्प. काकाजी बनियनवर ओसरीत. आतून काकूंचा आवाज येतो, "अजी, आपल्या तर छतावरच वीज बनते ना?"

काकाजींकडे उत्तर नाही. एजंटचा फोन लागत नाही.

उत्तर आहे, आणि ते बरोबरही आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो. तो तसा झालाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला काकाजींच्या छतावरून झटका बसेल. नियम माणसाचा जीव वाचवायला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की तो विकताना सांगत नाहीत, घामाने निथळताना कळतो.

बॅटरी लावली तर चालेल की! चालेल ना. सबसिडी पॅनलला आहे, बॅटरीला नाही.

म्हणजे सरकार तुम्हाला वीज बनवायला मदत करतं, ठेवायला नाही.

आता लाइन आहे तेव्हाची गोष्ट. ती जास्त मजेशीर आहे.

मार्चची स्वच्छ दुपार धरा. कॉलनीतली अर्धी माणसं डिफेन्समध्ये, म्हणजे आयुध निर्माणीत, ड्यूटीवर. कागदावर २०२१ पासून ती यंत्र इंडिया कंपनी झाली, वाडीकरांच्या तोंडी डिफेन्सच. मुलं शाळेत. कूलर अजून माळ्यावर, वाळ्याच्या ताट्या यायच्या आहेत. घरात चालू काय, तर फ्रिज आणि वायफायचा दिवा. आणि छतं? एकेक छत पूर्ण जोमात वीज ओततंय. घ्यायला कोणी नाही, तर ती तारेतून उलटी डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, निघते.

डीपीला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिचा जन्म द्यायला झालेला, घ्यायला नाही.

बारा-साडेबाराला इन्व्हर्टरजवळ उभे राहा. आकडा बघत राहा. २४१. २४६. २५०. घरगुती वीज २३० व्होल्टची. नियमाने दहा टक्के वरपर्यंत चालतं, म्हणजे २५३. त्यापुढे इन्व्हर्टरने हात वर करायचे. २५४ दिसतो, हिरवा दिवा लाल होतो आणि ऐन दुपारी, ऐन भरात, तीन किलोवॅट गप्प. काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. पुन्हा लाल. शेजारच्या गल्लीत डीपीला चिकटून घर असलेल्याचं मस्त चालू असतं; तारेच्या शेवटच्या टोकाच्या घराचं नशीब फुटकं. जितकी लांब तार, तितकं व्होल्टेज चढतं.

गंमत पुढेच आहे. डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा खटका, आधीच थोडा वर ठेवलेला असतो. का? रात्री सगळे कूलर लागले की त्याच शेवटच्या घरी ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून. म्हणजे रात्री ज्याच्यासाठी सोय केली, दुपारी त्याचीच वीज बंद पडते. टॅप बदलायचा तर डीपी बंद करावी लागते. दिवसातून दोनदा ती कोण बंद करणार?

मग आपला जुगाड. "सेटिंग वाढवून देतो ना भाऊ." टेक्निशियन दोन बटणं दाबतो, इन्व्हर्टर २६५ लाही हूं की चूं करत नाही. काकाजींचे युनिट वाढतात.

शेजाऱ्याच्या फ्रिजचं काय होतं, ते शेजाऱ्याला विचारा.

केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी नको, मंजूर धरायचा. पाच किलोवॅटपर्यंत तारा-डीपी मजबूत करायच्या, तर खर्च वीज कंपनीचा. निर्णय ग्राहकाच्या बाजूने झाला, टाळ्या. पण तपासणी काढून टाकल्याने डीपीची ताकद वाढते, हा शोध कोणत्या प्रयोगशाळेत लागला?

अर्ज ऑनलाइन मंजूर होतो. डीपी अजून ऑफलाइन आहे.

हे वाडीचं रडगाणं आहे असं समजू नका. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ अख्खा स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेला. मेट्रो थांबल्या, लिफ्टमध्ये माणसं अडकली. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच निकाल लागला: सौरऊर्जेने घात केला. चौकशीत निघालं ते वेगळंच. व्होल्टेज चढत गेलं, आवरायला हवं होतं त्यांनी आवरलं नाही, एकामागून एक केंद्रं निखळत गेली. दोष उन्हाचा नव्हता. दोष लगाम धरणाऱ्यांचा होता.

युरोपात घडलं ते मोठ्या अक्षरात. आपल्याकडे तेच रोज, एकेका इन्व्हर्टरच्या लाल दिव्यात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. वीज कमी आहे हे दुखणं नाही. वीज चुकीच्या वेळी आहे. सूर्य सरकारी वेळेत काम करतो. सकाळी उशिरा तापतो, दुपारी जोरात असतो, पाच वाजले की आवराआवर. आणि नागपूरकराला वीज लागते कधी? रात्री. जेवण झालं, स्लॅब दिवसभराची उष्णता आता खाली सोडू लागली, अशा वेळी. घरोघरी कूलर, कूलरमध्ये मोटर, मोटरखाली पंप, हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक, ज्याचं जमलं त्याचा एसी. हे प्रकरण पहाटे चारपर्यंत चालतं.

तेव्हा छतावरचे पॅनल चांदणं बघत पडलेले असतात.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हाही एक गोड गैरसमज. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. त्याची ताकद मोजतात २५ अंशांवर. नागपूरच्या मे महिन्यात त्याचं अंग ६५ अंशांवर जातं. दर अंशामागे पाव टक्क्याहून जास्त घट. ४० अंश वर गेलात की दहा ते पंधरा टक्के हवेत. वर वाडीची खास भर: ट्रान्सपोर्टच्या ट्रकांची धूळ. ती धुवायची तर पाणी हवं, आणि उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं.

टँकर बोलवून पॅनल धुणारा माणूस मला भेटायचा आहे.

राज्याने यावर उपाय काढला. माणसालाच सूर्याच्या वेळेत बसवायचं. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत. अट एकच, कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं टीओडी मीटर हवं. कल्पना चुकीची नाही, उलट शहाणी आहे. स्वस्त वीज असेल तेव्हा वापरा. कपडे दुपारी धुवा, गिझर दुपारी लावा, गिरणी दुपारी चालवा.

आणि कूलर? तोही दुपारी लावून झोपा रात्री, असं काही कलम आहे का?

नऊ ते पाच घरी असतो तो पेन्शनर, आणि ती गृहिणी जिला आठ वाजता डबे द्यायचे असतात. वाडीच्या भाड्याच्या खोलीत राहणारा गोदामातला हमाल सकाळी आठला निघतो, रात्री नऊला येतो. त्याचे सगळे युनिट महागड्या वेळेत. त्याला छतही नाही, सवलतही नाही.

मीटरचीही एक कथा आहे. स्मार्ट प्रीपेड मीटर येणार म्हणून लोक रस्त्यावर आले. जून २०२४ मध्ये, निवडणुकांच्या हंगामात, सामान्य ग्राहकाला ते लावणार नाही अशी घोषणा झाली. निवडणुका उरकल्या. मग टीओडी मीटर आलं, पोस्टपेड. लोकांनी विचारलं, हे ते नव्हे ना? उत्तर आलं, हे ते नव्हेच.

विचारणारे अजून समाधानी नाहीत.

२०२५ च्या सुरुवातीला तर भलतीच धास्ती पसरली होती. महावितरणच्या दरप्रस्तावाचा अर्थ लोकांनी असा लावला की दिवसाचे सौर युनिट आता दिवसाच्याच वापरातून वजा होणार, रात्रीच्या नाही. कर्ज काढून पॅनल लावणाऱ्यांची झोप उडाली. खुलाशांवर खुलासे आले, घरगुती ग्राहकाने घाबरू नये म्हणून. घाबरणारे मात्र वेडे नव्हते. त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती: दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट, दोन्हीला वजन सारखं धरणं ही मेहेरबानी आहे. मेहेरबानी कधीही मागे घेता येते.

आणि महावितरणचंही एकदा ऐकून घ्या. वीजबाजारात दर पंधरा मिनिटांचा भाव वेगळा. मे २०२५ मध्ये एका रविवारी, पाऊस पडलेला, कारखाने बंद, ऊन मात्र मुबलक, तेव्हा भाव चक्क शून्यावर आला. उन्हाळ्यातल्या टंचाईच्या संध्याकाळी तोच भाव दहा रुपयांच्या सरकारी मर्यादेला टेकतो. काकाजी कंपनीला देतात ते शून्यवालं युनिट, परत मागतात ते दहावालं. आणि म्हणतात, हिशेब बरोबर.

मधला फरक कोण भरतं? ज्याच्या छतावर पॅनल नाही तो.

हा मुद्दा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा. पाच मिनिटांत ग्रुपमधून बाहेर.

मग रात्रीचा भार उचलतं कोण? जुनीच मंडळी. कोराडी आणि खापरखेडा. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आणि एक जुना २१० चा. खापरखेड्यात १,३४० मेगावॅट. त्यांच्याशी आपण काय वागतो बघा. दुपारी म्हणायचं, भाऊ, जरा हळू, ऊन आलंय. संध्याकाळी सहाला ओरडायचं, पळ! बॉयलर म्हणजे काही स्कूटर नव्हे. थंड पडला तर पुन्हा तापायला तासन्‌तास जातात. म्हणून पूर्ण विझवायचा नाही, अर्ध्यावर धुमसत ठेवायचा. आज किमान ५५ टक्क्यांवर चालवायचा नियम आहे, पुढे तो ४० पर्यंत उतरवायचाय. अर्ध्यावर चाललेला संच युनिटमागे कोळसा जास्त खातो, आणि रोजच्या गरम-थंडात त्याचे पाइप लवकर म्हातारे होतात.

सूर्याच्या स्वच्छ युनिटमागे कोराडीत कोणीतरी खोकतंय.

खोकण्यावरून आठवलं. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत शिरला. त्यानंतर वर्षही पूर्ण व्हायच्या आत, मे २०२३ मध्ये, कोराडीत ६६० चे आणखी दोन संच लावण्यासाठी जनसुनावणी झाली. रूफटॉप सोलरमध्ये राज्यात पहिला जिल्हा कोणता? नागपूर. नवे कोळसा संच कुठे? नागपूर.

याला समतोल विकास म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने सांगितलं, देशाची निम्मी वीजक्षमता आता बिगर-जीवाश्म झाली. खरं आहे. २०३० चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं. अभिनंदन. पण क्षमता म्हणजे काय बसवलं ते. प्रत्यक्ष वाहिलेल्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात. बसवलेलं मोजायला सोपं असतं. फीत कापता येते, फोटो निघतो.

संध्याकाळी साडेसातच्या मेगावॅटसोबत फोटो कोणी काढलाय?

ग्रिड किती नाजूक असतं ते आपण एकदा घरबसल्या पाहिलंय. ५ एप्रिल २०२०, लॉकडाउन, रात्री नऊ, पंतप्रधानांच्या हाकेवर नऊ मिनिटं दिवे बंद. राज्याचे ऊर्जामंत्री तेव्हा नागपूरचेच नितीन राऊत. त्यांनी सांगितलं, सगळे दिवे एकदम घालवू नका, ग्रिड कोसळेल. लोकांनी टिंगल केली. भार बारा-तेरा हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. उतरला ३१ हजारांनी. जलविद्युत केंद्रांनी झटपट वीज आवरली, नऊ मिनिटं संपताच तितक्याच झटपट पुन्हा ओतली, आणि देश तरला. कोयनेसारखी केंद्रं काही मिनिटांत चढतात-उतरतात, ती त्या रात्रीची खरी हिरो. त्यांच्यासाठी थाळी मात्र कोणी वाजवली नाही.

त्या रात्री तो नऊ मिनिटांचा कार्यक्रम होता, तारीख-वेळ जाहीर करून, अभियंते रात्रभर कंबर कसून बसलेले. आता सूर्य रोज मावळतो.

रोज. न सांगता नव्हे, पंचांगात छापून.

आणि तरीही दर संध्याकाळी आपल्याला आश्चर्य वाटतं.

एक गोष्ट मात्र राज्याने खरंच बरी केली, म्हणून सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल याला सगळंच वाईट दिसतं. शेतीपंप. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याला रात्रीची वीज दिली. साप, विंचू, बिबट्या, अंधारात बांधावरून पाय घसरणं, सगळं त्याच्या वाट्याला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथून सुरुवात झाली. दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य १६ हजार मेगावॅटचं. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी पॅनल, तिथली वीज तिथल्याच पंपांना, दिवसा. लांबच्या तारा नकोत, रात्रीची जागरणं नकोत. मागणीलाच उचलून उन्हात नेऊन बसवलं. सूर्य आणि ग्रिड यांचं लग्न लावायचं तर हीच रीत.

फक्त पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा ती वीज कुठे जाणार, हे विचारू नका. पाहुणे बसलेत, आता कशाला.

पंप दिवसा हलवता आला, कारण विहिरीला घड्याळ नसतं. कूलर हलवता येत नाही. मग उरतं एकच, दुपारची वीज साठवायची. तेही आपल्याला नवं नाही. दुपारी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. टाटांचं भिऱ्याला १५० मेगावॅटचं तसं केंद्र आहे. घाटघरचं २५० मेगावॅटचं २००८ मध्ये सुरू झालं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याचं उदंचन धोरण आलं. करार तर इतके झाले की सह्याद्रीला पाठीवर जागा उरली नाही. हजारो कोटी, हजारो मेगावॅट, हस्तांदोलनांचे फोटो.

पाणी अजून खालीच आहे.

सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो. धरणाला दहा वर्षं, मोठ्या पारेषण वाहिनीला पाच. राजस्थानात यामुळेच झालंय, पॅनल तयार, वीज तयार, न्यायला तार नाही. मग ऐन दुपारी उत्पादन थांबवा असा निरोप. आपलं कौतुक असं की ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडून दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. एक देश, एक ग्रिड. सोलापूरने अख्खा दक्षिण भारत जोडला. वाडीतली डीपी वाडीतल्या छताला जोडायची म्हटली की मात्र साहित्य उपलब्ध नसतं.

आता जरा अमरावती रोडवर उभे राहा आणि आजूबाजूला बघा. वाडी म्हणजे गोदामं. ट्रान्सपोर्ट कंपन्यांची, कुरियरवाल्यांची, वितरकांची. एकेका गोदामाच्या पत्र्यावर अख्ख्या कॉलनीचे पॅनल मावतील. पत्रे रिकामे का? कारण छतावर किती लावायचं ते छत ठरवत नाही, मंजूर भार ठरवतो. गोदामात वीज लागते किती? चार दिवे, एक पंखा, एक वजनकाटा. मग परवानगीही तेवढीच. ज्याला छत आहे त्याला वीज नको. ज्याला वीज हवी, त्या फ्लॅटवाल्याला छत म्हणजे पाण्याच्या टाकीभोवतीची उरलेली जागा, तीही बिल्डरने कुणाला विकली नसेल तर.

एकाच्या छतावर दुसऱ्याचे पॅनल आणि युनिट तिसऱ्याच्या बिलात, अशी सोय दिल्लीने २०१९ मध्येच नियमांत आणली. वाडीच्या गोदामांवर त्या हिशेबाने पॅनल लागले, तर त्या भाड्याच्या खोलीतल्या हमालालाही दोन युनिट मिळतील.

पण हमालाच्या युनिटचा फोटो चांगला येत नाही.

नागपूरला कोणी वाली नाही, असंही नाही. विलास मुत्तेमवार केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे मंत्री होते तेव्हा घोषणा झाली होती, नागपूर देशातलं पहिलं आदर्श सौर शहर होणार, २०१२ पर्यंत. पुढे राज्याचं ऊर्जाखातं तर जणू नागपूरच्या सातबाऱ्यावरच चढलं. आधी कोराडीचे चंद्रशेखर बावनकुळे, मग नितीन राऊत, मग देवेंद्र फडणवीस. दहाएक वर्षं वीज नागपूरकरांच्या हातात. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, जिल्हा तोच.

दत्तवाडीच्या डीपीला यातलं काही कोणी कळवलेलं दिसत नाही.

आणि आता सगळ्यात गोड कलम. तुमचे जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात. पावसाळा संपला, ऑक्टोबरपासून आकाश स्वच्छ. थंडीत कूलर माळ्यावर, एसीला गवसणी. पॅनल मात्र थंड हवेत झकास चालतात. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, युनिट साठतात. काकाजी बिलावरचा जमा आकडा रोज वाचतात, पासबुक वाचावं तसा. उन्हाळ्यात कामी येतील.

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. खातं साफ. उरलेले युनिट कंपनी ठरलेल्या, ग्राहकाच्या दरापेक्षा कितीतरी कमी दराने विकत घेते. १ एप्रिलला शून्यापासून सुरुवात. १ एप्रिलला नागपुरात काय सुरू होतं?

कूलर.

हे वर्ष कोणी आखलं? नक्कीच ज्याच्या गावाला समुद्र आहे त्याने. हिशेबाचं वर्ष सप्टेंबरअखेर संपवलं तर थंडीतला साठा उन्हाळ्यात वापरता येईल, पावसाळ्यानंतर नवं खातं. यासाठी धरण नको, बॅटरी नको, ७६५ केव्हीची वाहिनी नको. एक ओळ बदलायची आहे. कंपनीचं थोडं नुकसान होईल, हे कबूल. म्हणून तर ती ओळ बदलत नाही.

हा प्रश्न विधिमंडळात का येत नाही? येईल कसा? विधिमंडळ नागपुरात येतं डिसेंबरमध्ये. हवा गुलाबी, संत्री गोड, हुरडा तयार, व्होल्टेज स्थिर, जमा युनिट भरघोस. आमदार सावजी खाऊन म्हणतात, नागपूरला वीज तर उत्तम आहे!

तर एक बिनखर्चाची सूचना. पुढचं अधिवेशन मे महिन्यात ठेवा. आमदार निवासाला एक्स्प्रेस फीडर नको, साधी डीपी द्या, तारेच्या शेवटच्या टोकाची. छतावर पॅनल लावाच, सबसिडीसकट. बॅटरी नको, नियम नियम आहे. आणि ऊर्जाविषयक लक्षवेधी रात्री साडेनऊला घ्या. कामकाज पाच मिनिटांत उरकेल, आणि सत्ताधारी-विरोधक पहिल्यांदाच एकमताने बनियनवर असतील.